अमेरिका नसती तर?

महायुद्धांत अमेरिका उतरलीच नसती तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासाची गोडी असलेल्या तरुणांत हमखास निघतो. प्रश्न मोलाचा आहे. पानिपतात विश्वासराव वाचले असते तर, हा विचार जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत मांडला, तेव्हा मराठी वाचकाने तो मनापासून स्वीकारला. अशा कल्पनेला एक शिस्त मात्र लागते. एखादी घटना वजा करायची, तर उरलेला हिशेब आधी नीट मांडायला हवा. महायुद्धाच्या चर्चेत नेमके तेच होत नाही. ती ७ डिसेंबर १९४१ ला, पर्ल हार्बरपासून सुरू होते, आणि तोवर लढत असलेली माणसे हिशेबात येतच नाहीत.

ती माणसे आपली होती. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी उपासमार सोसत होत्या. एप्रिल १९१६ मध्ये कूत पडले. ११ मार्च १९१७ ला ब्रिटिश-भारतीय फौजेने बगदाद घेतले, तेव्हाही अमेरिका युद्धात नव्हती. ती उतरली ६ एप्रिलला. दुसऱ्या महायुद्धात मार्च १९४१ मध्ये इरिट्रियातील केरेनचे डोंगर सर झाले. त्या लढाईतही मराठा पलटणी होत्या आणि पर्ल हार्बर अजून आठ महिने दूर होते.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाकला मराठा जवानांनी छत्रीधारी सैनिकांच्या बरोबरीने जपान्यांना रोखून धरले. त्यानंतर वेढ्यात सापडलेले इंफाळ २२ जूनपर्यंत तगले ते विमानातून आलेल्या रसदीवर. त्यासाठी हिमालय ओलांडून चीनला माल नेणारी अमेरिकी विमानेही काही काळ इकडे वळवावी लागली. ही विमाने नसती तर ईशान्य सीमेवर काय घडले असते, हा प्रश्न खरोखर अस्वस्थ करणारा आहे. म्हणून अमेरिकेशिवायही सारे तसेच झाले असते, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

मग स्वातंत्र्याचे काय? अमेरिका व ब्रिटनच्या अटलांटिक सनदेतील स्वयंनिर्णयाचे तत्त्व भारताला लागू नाही, असे ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल यांनी सप्टेंबर १९४१ मध्येच सुनावले होते. १ जुलै १९४२ ला सेवाग्रामहून गांधीजींनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिले. भारत आणि आफ्रिका शोषणाखाली असताना, आणि खुद्द अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा प्रश्न उभा असताना, लोकशाहीसाठी लढण्याची भाषा पोकळ वाटते, असे त्यांनी स्पष्ट कळवले. अमेरिका तेव्हा युद्धात होती. तरीही ऑगस्टमध्ये गांधीजींना अटक झाली आणि आपल्याच विदर्भात चिमूर व आष्टीत गोळीबार झाला. रणांगणावर अमेरिकेचे वजन मोठे होते; आपल्या स्वातंत्र्याचा भार मात्र आपल्यालाच वाहावा लागला.

हा इतिहास नागपुरातील प्रताप नगरच्या मुलांना परका वाटण्याचे कारण नाही. जवळचा सोनेगावचा विमानतळ पहिल्या महायुद्धाच्या काळातला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची विमाने येथे उतरत. सेवाग्राम शेजारच्या जिल्ह्यात आहे. तरीही शाळा सोडताना मुलांना हिटलर आणि हिरोशिमा ठाऊक असतात. केरेन आणि सांगशाक ठाऊक नसतात. शिक्षकांनी ‘अमेरिका नसती तर’ हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. मुलांना नकाशा द्यावा, तारखा द्याव्यात, बाजू मांडायला लावावी आणि वाद घालू द्यावा. मात्र एक अट ठेवावी. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते. ज्या उत्तरात त्यांना जागा नाही, ते कितीही चतुर असले तरी त्याला गुण देऊ नयेत.