प्रामाणिक कविता, आत्मरत कविता

२०१८ च्या सुरुवातीला ‘पीएन रिव्ह्यू’ या ब्रिटिश नियतकालिकात रिबेका वॉट्स या कवयित्रीचा एक कडक लेख आला. इंटरनेटवर नावारूपाला आलेल्या रूपी कौर, हॉली मॅकनिश यांच्यासारख्यांच्या कवितेत प्रामाणिकपणालाच कारागिरीची जागा दिली जाते, हा तिचा आक्षेप. आक्षेप महत्त्वाचा आहे. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही.

मॅकनिशची यूट्यूबवर गाजलेली ‘एम्बॅरस्ड’ घ्या. लोकांच्या नजरा नकोत म्हणून स्वच्छतागृहात बसून तान्ह्या बाळाला पाजणारी आई तिथे बोलते. आधी लाज, मग संताप. कारण जाहिरातींच्या फलकांवर चालणारी छाती बाळाच्या तोंडी मात्र लोकांना खुपते. कवितेत ‘मी’ आहे, पण तो आवाज असंख्य आयांचा होतो. कौरने २०१४ मध्ये स्वतः प्रकाशित केलेल्या ‘मिल्क अँड हनी’तल्या अत्याचाराविषयीच्या कविताही अशाच पोटतिडिकेच्या आहेत. त्याच पुस्तकातल्या स्वतःला गोंजारणाऱ्या ओळी मात्र कुणाच्याही फोटोखाली खपून जातील, कारण त्यांत ना माणूस दिसतो ना प्रसंग. दुःख खरे असेलही. ते वाचकापर्यंत पोचवण्याचे कष्ट तिथे घेतलेले नाहीत.

मराठीतही इन्स्टाग्रामवर लिहिणारे पुष्कळ कवी आहेत. त्यांनी आमच्याकडे कविता जरूर पाठवाव्यात. किती जणांनी ती पसंत केली हे कळवू नका; पाठवण्याआधी ती एकदा परक्या माणसासारखी वाचा.