इंजिन स्वस्त, बदल महाग : जुन्या जीपला दुसरं डिझेल इंजिन बसवण्याचा हिशोब

राजारामपुरी (कोल्हापूर) : राजारामपुरीला लागूनच शिवाजी उद्यमनगर आहे. बोअर मारणं, क्रँक घासणं, लेथवरची बारीकसारीक कामं यासाठी राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या जुन्या जीपा इकडंच येतात. या तालुक्यांत जीप ही हौसेची गाडी नव्हे. वैरण, खताची पोती, दुधाचे कॅन, कधी वडाप, आणि पावसाळ्यात जिथं पिकअप रुतते तिथनं बाहेर काढणारी फोर बाय फोर. तिचं इंजिन धूर मारायला लागलं, तेल प्यायला लागलं, की मालकापुढं दोन वाटा उरतात. तेच इंजिन बांधून घ्यायचं, नाहीतर भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं काढून बसवायचं.

दुसरी वाट आजची नाही. विलिज जातीच्या पेट्रोल जीपा डिझेलवर आणायचा सपाटा जुनाच. महिंद्रानं स्वतःही आधी ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल इंजिन जीपमध्ये घातलं, मग 1979 च्या कराराने फ्रान्सच्या प्यूजोचं एक्सडीपी इंजिन आणलं, आणि नंतर 2,523 सीसीचं डीआय आलं. ही सगळी इंजिनं साधी. पंपाला डिझेल, स्टार्टरला बॅटरी आणि बंद करायला ओढायची केबल, एवढ्यावर चालणारी. म्हणून गावाकडच्या मेस्त्रीलाही ती जमायची. मालकाच्या डोक्यात हिशोब अजून त्याच काळातला आहे.

खरा खर्च इंजिनाचा नसतोच. इंजिन चॅसीत ठेवलं की कामं निघायला लागतात. जुन्या गिअरबॉक्सला नव्या इंजिनाचं हौसिंग जुळत नाही, मग मध्ये प्लेट बनवून घ्यावी लागते. ती केसभर जरी सेंटरला नसली तरी क्लच आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग काही महिन्यांत आवाज करायला लागतं. फौंडेशन कापून नवी वेल्ड करायची. फोर बाय फोर असेल तर इंजिनाचा सम्प पुढच्या डिफरन्शिअलवर टेकतो, म्हणून इंजिन वर उचलायचं, आणि वर उचललं की प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. जुना रेडिएटर पुरत नाही, घाटात काटा लालवर जातो. गाडी मुळात पेट्रोलची आणि ब्रेकला बूस्टर असेल, तर मॅनिफोल्डमधून मिळणारा व्हॅक्यूम डिझेलवर मिळत नाही. वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो विसरला तर करूळ घाटाच्या उतारावर काय होईल, हे सांगायला नको.

अलीकडं काहीजण बोलेरोचं कॉमन रेल इंजिन घालायला बघतात. ताकद बरी, आवाज कमी, हे खरं. पण त्या इंजिनासोबत कॉम्प्युटर, सेन्सर, सगळं वायरिंग आणि चावीचा इमोबिलायझर आला. एक सेन्सर रुसला की गाडी उभी, आणि ती तपासायचं मशीन दाजीपूरच्या रानात कुठनं आणायचं? चिखल-पाण्यातल्या गाडीसाठी हा उद्योग शहाणपणाचा नाही.

आता पैशाचं बघू. समजा जीप महिन्याला हजार किलोमीटर चालते आणि डिझेल नव्वद रुपये आहे. झिजलेलं इंजिन लिटरला 9 देतं, दुसरं बसवल्यावर 13 मिळतील असं मेस्त्री म्हणतो. म्हणजे 111 लिटरऐवजी 77, महिन्याला तीन हजारांची बचत. ऐकायला झकास. पण तुलनाच चुकीची आहे. तेच जुनं इंजिन लायनर-पिस्टन, क्रँक, पंप, नोझल करून नीट बांधलं आणि 12 दिले, तर डिझेल लागतं 83 लिटर. म्हणजे बदलातला खरा फायदा साडेसहा लिटरचा, पावणेसहाशे रुपयांचा. बांधणीपेक्षा बदलाला साठ हजार जादा गेले, तर ते फिटायला साडेआठ वर्षांवर लागतात. त्यात पावसाळ्यात गाडी उभी राहिली तर आणखी.

याहून अवघड कागदाचं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी केरळमधल्या प्रकरणात हेच ठणकावलं. त्याच बनावटीचं, त्याच जातीचं इंजिन असेल तर आरटीओची आधी परवानगी घेऊन, काम झाल्यावर 14 दिवसांत आरसीवर नवा नंबर चढवून घ्यायचा असतो. भलत्याच जातीचं घातलं तर कलम 182-अ नुसार प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि इंजिन भंगारातनं घेताना पावती व मूळ गाडीचे कागद मागितले नाहीत, तर चोरीचं इंजिनही गळ्यात पडू शकतं.

दंड एकवेळ भरता येतो. अपघात झाला तर? इंजिन नंबर आरसीशी जुळला नाही की विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. मागं दहा माणसं बसवून बाजाराला जाणाऱ्या गाडीचा मालक अशा वेळी शेत विकायला निघतो.

हे सगळं आता अंगावर येण्याचं कारण फेरनोंदणी. 15 वर्षांवरच्या हलक्या गाडीची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 झाली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या गाडीला 10,000 केली. बहुतेक जीपा याच दुसऱ्या गटात. पासिंगला गाडी नेली की निरीक्षक इंजिन नंबर बघतोच. त्यामुळं ज्याची मुदत जवळ आली आहे त्यानं इंजिनाला हात लावण्याआधी आरटीओत जाऊन लेखी विचारावं. आधीच बदल करून बसलेल्यांनी इंजिनाची पावती शोधून ठेवावी. जुनं इंजिन गोठ्यात पडलं असेल तर ते भंगारवाल्याला देण्याची घाई करू नये. ब्लॉक फुटला नसेल तर उद्यमनगरात ते अजून उभं राहतं, आणि आरसीवर नंबर त्याचाच आहे.