वक्ते कोणाचे निवडावे?
(बी. ए. द्वितीय वर्ष)

यंदा आपल्या महाविद्यालयात संगणक-प्रणाली आणि ती वापरणाऱ्याचा अनुभव या विषयावर एक दिवसाचे चर्चासत्र झाले. वक्ते निवडण्याच्या समितीत विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून माझी वर्णी लागली होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. प्राध्यापकांच्या शेजारी खुर्ची मिळाली याचेच अप्रूप इतके, की तोंड उघडायचे राहून गेले. तेव्हा जे बोललो नाही, ते आज लिहितो.

बैठकीत काय पाहिले गेले? पद कोणते, पदवी कोणती, पत्रिकेवर नाव शोभेल काय आणि मानधन किती द्यावे लागेल. अर्ध्या तासात पाच नावे ठरली. दोन मिहानमधल्या कंपन्यांतले अधिकारी, दोन अभियांत्रिकीचे प्राध्यापक, एक सल्लागार. सारे विद्वान, याबद्दल वाद नाही. पण पाचही जण प्रणाली बनवणारे किंवा शिकवणारे. विषय वापरणाऱ्याचा, आणि वापरणारा मात्र एकही नाही! मांडव सजला, वऱ्हाड जमले, नवरदेवाला तेवढे बोलवायचे राहिले.

चर्चासत्रात एका वक्त्यांनी पडद्यावर एका काल्पनिक गृहिणीचे चित्र दाखवले. प्रणाली बनवताना हिला डोळ्यांसमोर ठेवा, असे त्यांनी सांगितले. त्या वेळी माझी खरी आई हाकेच्या अंतरावर, बडकस चौकामागच्या एका घरी भांडी घासत होती. भांडी घासून घासून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. रेशनच्या दुकानातल्या यंत्राला तिचा अंगठा पटत नाही. पुसून, ओला करून, पुन्हा पुन्हा दाबून ती घरी येते आणि मला विचारते, ‘‘मशीनले माहा अंगठा काहून वळखू येत नाही रे?’’ पाच वक्त्यांपैकी कोणीही हा प्रश्न मांडला नाही. तो त्यांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. मला ठाऊक होता; मी लाजेने गप्प बसलो.

ही चूक केवळ आपलीच नाही. २००१ साली अमेरिकेत, युटा राज्यातल्या स्नोबर्ड येथे सतरा जण जमले आणि त्यांनी ‘अजाईल’ पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. थोडे बनवा, गिऱ्हाइकाला दाखवा, त्याचे ऐका, सुधारा आणि पुढे चला, असा त्याचा मथितार्थ. करारावर भांडण्यापेक्षा गिऱ्हाइकासोबत काम करण्याला त्यांनी अधिक मोल दिले. पण ते सतराही जण प्रणाली घडवणाऱ्यांच्याच जगातले होते. आणि आपल्याकडे १८८५ सालीच जोतीराव फुल्यांनी ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारताना न्यायमूर्ती रानड्यांना कळवले होते, की ज्यांना इतरांचे मानवी हक्क मोकळ्या मनाने देववत नाहीत, त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसत नाही. एखाद्या सभेत कोण बोलतो, हा प्रश्न इतका जुना आहे.

कोणी म्हणेल, सामान्य माणूस गाऱ्हाणे सांगेल, उपाय थोडाच सांगणार? खरे आहे. पण रोग्याला औषध ठाऊक नसते म्हणून कुठे दुखते हेही त्याला विचारू नये काय?

२०१९ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनात नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतले गेले. मोठा गदारोळ झाला. शेवटी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि शेतकऱ्याच्या घरातले दुःख त्या व्यासपीठावरून बोलले. ते ऐकण्याजोगे होते. परंतु रिकामी झालेली खुर्ची भरण्यासाठी अशी आठवण व्हावी, हे निवडीचे धोरण नव्हे. पहिल्या यादीतच ते नाव का नसावे?

म्हणून पुढील वर्षासाठी माझी सूचना आहे. नाव आणि पद झाकून प्रथम वक्ता काय सांगणार ते वाचावे. पाचांत निदान एक वापरणारा असावा. त्याला इतरांइतकाच वेळ आणि तितकेच मानधन मिळावे, कारण त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. त्याला त्याच्या बोलीत बोलू द्यावे. आणि जेवणानंतर श्रोते पेंगू लागतात, तेव्हा नव्हे, तर सकाळी सर्वांत आधी बोलू द्यावे. म्हणजे पुढच्या विद्वानांना उत्तर द्यावेच लागेल.

आईला हा लेख मी वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘‘मले बलावलं तर मी येईन. पण सकाळची दोन घरं आटपून.’’

समितीने वेळ तेवढी जुळवावी.