सावली पुढे पडली की सांभाळा



मोटरसायकल आता आपल्या घराघरांत आली आहे. कुणी हप्त्यावर घेतली, कुणी जुनी घेऊन दुरुस्त केली, कुणाच्या घरी मुलीच्या नोकरीसाठी स्कूटर आली. गाडी दाराबाहेर निघाली की घरच्यांचे शब्द ठरलेले असतात. पाऊस आहे, हळू जा. अंधार पडेल, लवकर ये. उन्हाचे कुणी सांगत नाही. उन्हाची काळजी आपण डोक्यापुरती करतो, डोळ्यांची करत नाही. सकाळी सूर्य वर येतानाचा आणि संध्याकाळी बुडतानाचा जो पाऊण तास असतो, नेमका तोच पुष्कळांचा कामावर जाण्याचा आणि कामावरून सुटण्याचा असतो. म्हणून या कलत्या उन्हाविषयी लिहायचे आम्ही ठरवले.

अंधारात आपल्याला दिसत नाही हे माणसाला कळते, म्हणून तो आपणहून हळू होतो. उजेडात दिसत नाही हे पटकन कळत नाही. उन्हाची तिरीप थेट डोळ्यांत आली की तो उजेड डोळ्याच्या आत पसरतो आणि समोरच्या सगळ्या चित्रावर पांढरा पडदा धरल्यासारखे होते. आकाश दिसते, झाडांचे शेंडे दिसतात. फक्त रस्त्यावरचे जे बारीक, मातकट, सावलीतले असते तेवढे पुसले जाते. आणि गाडी चालवणाऱ्याला हवे असते नेमके तेच. एस.टी.च्या किंवा ट्रकच्या ड्रायव्हरला डोक्यावरची झडप खाली ओढता येते. मोटरसायकलवाल्याला अशी झडप नाही.

थोडा हिशेब करा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. तीन सेकंद डोळे दिपले तर ३३ मीटर रस्ता आपण न बघता कापला. ताशी ६० चा वेग असेल तर ५० मीटर. तेवढ्या अंतरात न रंगवलेला गतिरोधक येतो, खड्डा येतो, रस्ता ओलांडणारे शाळेचे पोर येते. साखर कारखाने चालू असतात त्या दिवसांत उसाने भरलेली, मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही अशी ट्रॉली येते. मग लोक म्हणतात, एवढी मोठी ट्रॉली कशी दिसली नाही? तिच्या मागच्या बाजूला सावली होती आणि तिच्या डोक्यावर सूर्य होता, म्हणून दिसली नाही.

आता दिशा बघू. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो आणि बरोबर पश्चिमेला मावळतो. सरळ पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यांना ते दिवस सर्वांत वाईट. त्यातही सप्टेंबरात अनेकदा ढग आडोसा करतात. ऑक्टोबरात पाऊस गेला की आकाश एकदम उघडते आणि सूर्य अजून पश्चिमेपासून फार सरकलेला नसतो. डिसेंबरात तो नैर्ऋत्येकडे मावळतो, जूनमध्ये वायव्येकडे. म्हणजे तिरकस रस्त्यांचीही पाळी येतेच. आपला रोजचा रस्ता कोणत्या महिन्यात आपल्या डोळ्यांवर येतो हे ज्याचे त्याने एकदा पाहून ठेवावे.

औरंगाबादचे (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) उदाहरण घ्या. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत शहराच्या पूर्वेला आहे आणि वाळूजची पश्चिमेला. शहरात राहणारा आणि चिकलठाण्याला कामाला असणारा माणूस सकाळी जालना रोडने पूर्वेकडे जातो, सूर्य समोर. संध्याकाळी पश्चिमेकडे परततो, सूर्य पुन्हा समोर. त्याचाच शेजारी वाळूजला जातो. त्याच्या सकाळी सूर्य पाठीशी आणि संध्याकाळीही पाठीशी. नागपुरात राहून हिंगण्याला जाणाऱ्यांचेही तसेच, कारण हिंगणा शहराच्या पश्चिम अंगाला आहे. गंमत म्हणजे नागपूरला डिसेंबरात सूर्य मुंबईपेक्षा सुमारे अर्धा तास आधी मावळतो. तिथे गेटवर साडेपाचचा भोंगा होतो तेव्हा सूर्य टेकलेला असतो. मुंबईकडच्या माणसाला त्याच भोंग्याला तो अजून पुरता समोर भेटतो. घड्याळ एक, पण रस्त्यावरचे ऊन वेगळे.

वरवर पाहता वाळूजचा आणि हिंगण्याचा माणूस नशीबवान. त्याला सगळे लख्ख दिसते. ऊन पाठीवर, रस्ता सोन्यासारखा, प्रत्येक खडा वेगळा दिसतो. साहजिकच त्याचा वेगही वाढतो. पण त्याच्या समोरून जो येतो आहे, त्याच्या डोळ्यांत सूर्य आहे. आणि त्या सूर्याच्या खाली, नेमक्या त्याच रेषेत, आपला हा माणूस मोटरसायकलवर आहे. याला समोरचा स्पष्ट दिसतो, म्हणून याची समजूत होते की समोरच्यालाही आपण दिसतो. ही समजूत फार घातकी आहे. आमच्या मते कलत्या उन्हाचा खरा धोका डोळे दिपलेल्या माणसापेक्षा या न दिपलेल्याला जास्त. दिपलेला निदान सावध होतो, याला सावध व्हायचे कारणच दिसत नाही.

यावर एक साधी खूण आहे आणि तिला पैसा लागत नाही. स्वतःची सावली बघा. सावली लांब होऊन गाडीच्या पुढे पडली असेल तर ती ज्याच्याकडे बोट दाखवते आहे, त्याला तुम्ही दिसत नाही असे धरून चाला. हात लांब करून क्षितिजावर मूठ धरली तर सूर्य मुठीएवढा वर असताना उभ्या माणसाची सावली त्याच्या उंचीच्या साडेपाच पट पडते. अर्ध्या मुठीवर आला की अकरा पट. सावली मागे पडली तर तुम्हाला दिसत नाही. सावली पुढे पडली तर तुम्ही दिसत नाही. बाजूला पडली तर बाजूच्या रस्त्यावरून येणाऱ्याचे बघा. लहान मुलालाही हे शिकवता येते, आणि शिकवावे. सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुलांनाही हाच धोका आहे.

सावली पुढे असताना करायचे काय? एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. त्याआधीची गाडी असेल तर तो हाताने लावावा. भर उजेडात दिवा लावला की हसणारे आहेत, त्यांना हसू द्यावे. भडक रंगाचा शर्ट घातला की काम झाले असे काही जण समजतात, तसे नाही. सूर्य तुमच्या पाठीशी असतो तेव्हा समोरच्याला तुमची सावलीतली बाजू दिसते, आणि सावलीत लालही काळा आणि पिवळाही काळा. दिवा मात्र समोरून दिसतो. तो सूर्यापुढे फिका असला तरी काहीच नसण्यापेक्षा बरा. दुसरे म्हणजे चौक. समोरून येणारा रिक्षावाला किंवा टेम्पो आपल्या उजवीकडे वळताना तुमच्या वाटेला आडवा येतो. त्याने तुम्हाला पाहिले की नाही हे त्याच्या तोंडाकडे बघून ठरवू नका. डोळे बारीक करून तो तुमच्याकडे नव्हे, उन्हाकडे बघत असतो. त्याचे चाक थांबले का ते बघा, आणि ब्रेकवर बोटे ठेवूनच चौक ओलांडा. तिसरे, अशा वेळी ओव्हरटेक करायला मधल्या पट्ट्यावर जाऊ नये. समोरच्याने वेग कमी केला नाही तर तो तुम्हाला दाबतो आहे असे नाही, त्याच्या लेखी तुम्ही तिथे नाहीच.

आता ज्याच्या डोळ्यांवर ऊन येते त्याचे. पहिली गोष्ट हेल्मेटची काच. हेल्मेट आपण दंडाच्या भीतीने घेतो आणि काच शर्टाच्या टोकाने पुसतो. कोरड्या कापडाने धूळ चोळली की काचेवर बारीक चरे पडतात. दुपारी ते जाणवत नाहीत. कलते ऊन पडले की प्रत्येक चरा पेटतो आणि समोर जाळे उभे राहते. काच आधी पाण्याने भिजवावी, साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवावी, मऊ कापडाने टिपावी. पेट्रोल किंवा रॉकेल लावू नये, त्याने ती खराब होते. चरे पडलेली काच चोळून नीट होत नाही, बदलावी लागते. ती सुटी मिळते आणि नव्या हेल्मेटपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. काळी काच घेऊ नये. सूर्य बुडाला की दहा मिनिटांत तीच काच आंधळे करते, आणि वर उचलली तर डोळ्यांत धूळ आणि किडे.

वायरमनकडे असते ती काळी चिकटपट्टी घेऊन काचेच्या वरच्या कडेला एक आडवी, दोन बोटांहून अरुंद पट्टी लावावी. सरळ बसले की ती नजरेच्या वर राहते. ऊन डोळ्यांवर आले की हनुवटी जरा खाली घ्यायची, सूर्य पट्टीआड जातो आणि रस्ता खाली मोकळा राहतो. दूरच्या प्रवासाचे मोटरसायकलवाले ही युक्ती नेहमी वापरतात. पट्टी रुंद केली तर मात्र झाडाच्या फांद्या आणि सिग्नल दिसायचे नाहीत, तेव्हा आधी घरासमोर बसून बघावे. हात आडवा धरायचाच झाला तर क्षणभर आणि डावा. उजव्या हाताशी पुढचा ब्रेक असतो.

बाकी सगळे वेगावर आहे. जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग. सूर्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवावी. मोठ्या ट्रकच्या सावलीत शिरून चालण्याचा मोह होतो, कारण तिथे डोळ्यांना बरे वाटते. पण ट्रकने ब्रेक दाबला तर तुम्हाला जागा उरत नाही. काहीच दिसेनासे झाले तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर, मातीवर गाडी घ्यावी. डांबरावर उभे राहू नये, मागून येणाराही दिपलेलाच असतो.

आणि थांबावे. सूर्य मुठीएवढा वर असेल तर मावळायला आपल्याकडे साधारण पाऊण तास लागतो, अर्ध्या मुठीवर असेल तर वीस-बावीस मिनिटे. मूठ धरताना सूर्याकडे टक लावू नये, हातानेच तो झाकावा. वीस मिनिटे म्हणजे एक चहा आणि चार गोष्टी. संध्याकाळी हे जमण्यासारखे आहे. घरच्या मंडळींना आमची विनंती आहे की या वेळात ‘कुठे पोहोचलात?’ म्हणून फोनवर फोन करू नयेत. सकाळचे मात्र अवघड. गेटवर पाच मिनिटे उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा खाडा लावणारे कारखाने आहेत, आणि ‘जरा थांबून निघा’ हा सल्ला पगार कापून घेणाऱ्याला देणे सोपे नाही. त्यावर उशिरा नव्हे, लवकर निघणे एवढाच उपाय. सूर्य उगवण्याआधी घर सोडले तर बहुतेक रस्ता सरलेला असतो. ज्या घरात बाई आधी पाचला उठून डबा करते, तिच्यावर त्यासाठी आणखी अर्धा तास चढवू नये. डबा रात्रीच बांधावा, आणि तो कुणी बांधावा हेही एकदा घरात बोलावे.

मागे बसणाऱ्या ताईंना एक गोष्ट ठाऊक नसते. चालवणाऱ्याच्या डोक्याची सावली त्यांच्या चेहऱ्यावर पडते, म्हणून कडेचे त्यांना पुष्कळदा अधिक नीट दिसते. गतिरोधक, कुत्रे, वळणारी रिक्षा दिसली की त्यांनी मोठ्याने सांगावे आणि चालवणाऱ्याने ऐकावे. टाकीवर पुढे बसवलेल्या लेकराच्या तोंडावर मात्र तेच ऊन थेट येते. ते डोळे झाकते, अंग वळवते आणि हँडल हलते. चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट आणि चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा हवा, आणि वेग ४० च्या वर नको, असा नियम २०२२ साली झाला. त्याहून मोठ्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्याने आहेच.

एवढे करून अपघात झालाच तर ई.एस.आय.च्या कामगाराने एक लक्षात ठेवावे. २०१० साली कायद्यात दुरुस्ती होऊन कामावर जाता-येता झालेला अपघातही, वेळ, जागा आणि कारण यांचा कामाशी संबंध दिसला तर, कामावरचा अपघात धरण्याची तरतूद आली. तेव्हा कोणत्या वेळी, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या पाळीला जाताना किंवा येताना हे झाले ते लगेच लिहून कारखान्याला कळवावे आणि पोच घ्यावी. ‘सूर्य डोळ्यांवर होता’ म्हणून ठोकणाऱ्याची जबाबदारी सुटते असे कुणी समजावले तर ऐकू नये. दिसत नसताना वेग कमी न करणे हाच निष्काळजीपणा आहे.

शेवटी वडीलधाऱ्यांसाठी. उन्हाने दिपलेले डोळे पूर्ववत व्हायला वयाप्रमाणे अधिक वेळ लागतो. पण गेल्या वर्षी ज्या रस्त्यावर त्रास होत नव्हता तिथे यंदा ऊन किंवा समोरचे दिवे सहन होत नसतील तर ते नुसते वय समजू नका, मोतीबिंदूची ती सुरुवात असू शकते. चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून घेण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. जिल्हा रुग्णालयात तपासणी होते आणि शस्त्रक्रियाही मोफत होते. जाताना मात्र गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या किंवा बसने जा. तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करतात, आणि पुढचे काही तास साधे दुपारचे ऊनही बघवत नाही.