पोरांना चालान द्या, मैदानही द्या

एगॉन म्युलर हे नाव वऱ्हाडात कुणी ऐकलं असण्याचं कारण नाही. 1948 साली जर्मनीतल्या कील शहरात जन्मलेला हा गडी मातीच्या गोल पटावर मोटारसायकल पळवायचा. लाँगट्रॅक, म्हणजे हजार मीटरपर्यंतच्या मोठ्या पटावर तो 1974 ते 1978 या काळात तीनदा जगज्जेता झाला. स्पीडवेच्या छोट्या पटावर मात्र 1983 उजाडावं लागलं. तेव्हा तो पस्तिशीला टेकला होता.

माझी हयात परतवाड्यात गाड्या खोलण्यात गेली, त्यामुळे मला माणसाआधी त्याची गाडी दिसते. 500 सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, पेट्रोलऐवजी मिथेनॉल, एकच गिअर आणि ब्रेक नाहीच. पुढचा नाही, मागचाही नाही. गॅरेजातलं पोरगं म्हणालं, "काका, बिरेक नाही त मंग वळवते कसा?" मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, हँडल उलट धरायचं, डाव्या बुटाखाली बांधलेला लोखंडी तळ मातीवर टेकवायचा आणि सगळा हिशेब एक्सलेटरवर ठेवायचा. वळणं सगळी डावीच.

1983 ची अंतिम शर्यत जर्मनीच्या उत्तर किनाऱ्याकडे, नॉर्डेनजवळच्या हाल्बेमोंड नावाच्या खेड्यात झाली. दोनच वर्षांपूर्वी हाच सामना लंडनच्या वेम्बलीवर झाला होता. सोळा स्वार, एका वेळी चौघे, प्रत्येकाला पाच फेऱ्या, पहिल्याला तीन गुण. म्युलरनं पंधरापैकी पंधरा घेतले. ऑस्ट्रेलियाचा बिली सँडर्स दुसरा आला. जर्मनीला वैयक्तिक स्पीडवेचं एवढं एकच जगज्जेतेपद मिळालं आहे.

हिंमत त्याची होतीच. पण मला हेवा वाटतो तो त्या खेड्याचा. जगाची शर्यत भरवता येईल असं मैदान तिथं होतं.

आमच्या पोरांकडे चिखलदऱ्याचा घाट आहे. इथली फिनले कापड मिल बंद पडल्यापासून कामाची वानवा, हातात हप्त्यावरची गाडी, सायलेन्सर काढलेला. पोलीस चालान फाडतात, बरंच करतात. समोरून एसटी येत असते, तिच्यातल्या माणसांनी काय घोडं मारलं? पण चालानानं वेगाची हौस जात नाही, ती दुसऱ्या रस्त्यावर जाते.

याच जिल्ह्यात तळेगाव दशासरला शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, बघायला माणूस लोटतो. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलाची तपासणी लागते. हौसेला नियमात बसवता येतं, हे आपण बैलांच्या बाबतीत केलंच आहे. माणसांच्या पोरांसाठी एवढी खटपट कोणी केली नाही, हे जरा चमत्कारिकच.

मातीच्या पटावरच्या मोटारसायकल शर्यतीत हाडं मोडतात, जीवही जातात. त्यामुळे कडेला हवेचं मऊ कुंपण, दारात रुग्णवाहिका आणि मोटरस्पोर्ट्स महासंघाचं लायसन्स, यात सूट नको. असं मैदान उभं करणं अशक्य नाही; पुण्यात जानेवारी 2024 मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मातीचे उंचवटे रचून सुपरक्रॉस झालं. आपल्याकडे माती फुकट आहे असं कुणी म्हणेल, तर तो गाडी चालवणारा नाही. आपली काळी माती पावसात चिकटते, उन्हात भेगाळते. तीनशे मीटरच्या पटाला खाली मुरूम दाबावा लागेल, वर बारीक चुरी पसरावी लागेल, दर फेरीनंतर ती ओढून सारखी करावी लागेल, धुळीसाठी टँकर लागेल. खर्च आहे, पण एखाद्या राजकीय सभेच्या मंडपाएवढाही नसावा.

नगरपालिकेनं कापूस निघाल्यानंतरचे दोन रविवार ठरवावेत. सुरुवातीला जुन्या शंभर सीसीच्या गाड्या पुरेत. एन्ट्री फी नाममात्र ठेवा. ज्याच्या नावावर वर्षभरात रस्त्यावरच्या रेसचं चालान असेल, त्याची एन्ट्री मात्र घेऊ नका, मग तो कोणत्याही नगरसेवकाचा भाचा असो.