आऊटपास रद्द झाला तरी

फौजी माणसाला घरच्यांसाठी दोन दिवसांची सहल आखायला सांगा, तो मूव्ह ऑर्डर काढून देईल. किती वाजता उठायचं, कुठल्या ठिकाणी किती मिनिटं, जेवण कुठे, पाण्याच्या बाटल्या कोण उचलणार, सगळं त्यात असतं. यात वाईट काही नाही. पण त्या ऑर्डरीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे तो स्वतः. तिकिटं त्याच्या फोनवर, खोली त्याच्या आयकार्डावर, रस्ता त्याच्या डोक्यात. आणि आपल्या नोकरीत सगळ्यात बेभरवशाचं काही असेल तर ते म्हणजे शनिवारी सकाळी त्या माणसाला सवड असणं.

माझं म्हणणं असं, की पोस्टिंगच्या जागेवरून मोठ्या शहराची सहल आखायची तर अशी आखावी की शुक्रवारी संध्याकाळी आऊटपास रद्द झाला तरी बायकामुलं जाऊ शकतील. आणि त्यांनी जावंच.

हे आपल्याकडे सहजी पटत नाही. आपली रीत वेगळी. पास हातात पडेपर्यंत मुलांना सांगायचंच नाही, म्हणजे हिरमोड व्हायला नको. दिसायला शहाणपणाची गोष्ट, पण तिचा परिणाम काय होतो ते फॅमिली क्वार्टरच्या कुठल्याही जिन्यात उभं राहून ऐका. सात वर्षांच्या पोराला म्हणा, "शनिवारी जायचं हं," तो लगेच जोडतो, "पास मिळाला तर." हे वाक्य त्याला कुणी शिकवलेलं नसतं. सहलीतली निम्मी गंमत आधीच्या आठवड्यात असते, नकाशा बघण्यात, कुठे काय खायचं यावर भांडण्यात. ती निम्मी गंमत आपण हिरमोड टाळायला म्हणून आधीच कापून टाकतो.

पानागढचंच उदाहरण घेतो. छावणी मोठी, शाळा-कॅन्टीन-एमआय रूम सगळं आत, आणि कोलकाता जेमतेम दीडशे किलोमीटरवर. सकाळच्या गाडीने निघालं की दोन-अडीच तासांत हावडा. तरी तीन-तीन वर्षं काढून बदलीवर गेलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, ज्यांनी कोलकाता फक्त सुट्टीवर गावी जाताना, ट्रंकांवर बसून, हावड्याच्या फलाटावरून पाहिलं. दर वेळी इन्स्पेक्शन होतं, व्हिजिट होती, गार्डला माणूस कमी होता. कारणं खरीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. नोकरी नोकरीच्या जागी. पण त्या कारणांचा पट्टा घरच्यांच्या गळ्यात का?

मग बेत कसा असावा? पहिली गोष्ट, तिकिटं तिच्या फोनवरून, तिच्या नावाने. खोलीही तिच्याच नावाने. इथे बरेचजण म्हणतील, आपल्या ट्रान्झिटच्या खोल्या काय वाईट आहेत? स्वस्त, सुरक्षित, जेवण आतच. खरं आहे, आणि नायक-हवालदाराच्या खिशाला हा फरक छोटा नाही हे मला कळतं. पण त्या खोलीसाठी अर्ज तुमचा, आयकार्ड तुमचं, गेटवर ओळख तुमची. तुम्ही नाही तर खोली नाही. शिवाय छावणीतून निघून छावणीतच उतरायचं, तोच मेसचा चहा, तेच "किस यूनिट से?" मग गावाला गेलो कशाला? वर्षातून एकदा एका रात्रीचे हॉटेलचे पैसे मोजावेत असं माझं मत आहे. आराम वगैरे ठीक, खरा फायदा हा की रजिस्टरवर तिचं नाव चढतं. मराठी आसरा हवा असेल तर हाजरा रोडवर महाराष्ट्र मंडळाचं महाराष्ट्र निवास आहे, तिथे आधी फोन करून चौकशी करावी.

दुसरी गोष्ट, यादी छोटी ठेवा. दोन दिवसांत चार ठिकाणं, पाचवं नको. हावड्याला उतरलं की टॅक्सीच्या रांगेकडे जाऊ नका, स्टेशनसमोरच्या घाटावरून फेरीबोट पकडा आणि बाबूघाटला उतरा. तिकीट किरकोळ, पण हुगळीच्या मध्यावरून हावडा ब्रिज दिसतो तसा पुलावरून चालताना कधी दिसत नाही. परतताना मात्र मेट्रो. एस्प्लनेडहून हावड्याला येणारी गाडी नदीखालून जाते. बोगदा अर्ध्या किलोमीटरचा, पाऊण मिनिटात पार होतो, त्यामुळे मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर नदी कधी गेली ते कळणारही नाही. हा मार्ग 2024 साली सुरू झाला. देशातली पहिली मेट्रो याच शहरात 1984 साली धावली, आणि घोड्यांची ट्राम तर त्याच्याही आधी, 1873 ला. ट्राम आता मोजकीच उरली आहे, मिळाली तर बसावं, तिच्यासाठी तासभर ताटकळू नये.

वार बघून जागा निवडा. कॉलेज स्ट्रीटची पुस्तकांची दुकानं रविवारी बहुतेक बंद, तेव्हा पुस्तकवेडं पोर असेल तर तिकडे शनिवारी. इंडियन म्युझियम आणि व्हिक्टोरिया मेमोरियल सोमवारी बंद असतात, शनिवार-रविवारवाल्यांना त्याची चिंता नाही. म्युझियम 1814 सालचं, देशातलं सगळ्यात जुनं. सगळं बघायला गेलात तर पाय मोडतील. मुलांना इजिप्तची ममी दाखवा, सांगाडे दाखवा आणि बाहेर काढा. व्हिक्टोरिया रविवारी सकाळी, आत कमी आणि बागेत जास्त. खाण्याची योजना करू नका, फुचका आणि काठी रोल तुम्हाला आपोआप गाठतात. एप्रिल ते जून मात्र जाऊच नका, त्या घामट उकाड्यात मुलंही रडतात आणि मोठेही.

फोर्ट विल्यमचा मोह प्रत्येक फौजीला होतो, मराठी माणसाला जरा जास्तच. ईस्टर्न कमांडच्या या किल्ल्याचं नाव आता विजय दुर्ग आहे, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गावरून दिलेलं, आणि त्याचा एक दरवाजा आता शिवाजी गेट म्हणून ओळखला जातो. नियतीची गंमत बघा. 1742 साली याच शहराने नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाच्या धास्तीने भोवती खंदक खणायला घेतला होता. तो पुरा झाला नाही आणि मराठे कोलकात्यावर चालूनही आले नाहीत, पण मराठा डिच हे नाव राहिलं. बर्दवानकडच्या गावांनी मात्र ते घोडदळ सोसलं. बंगाली आया आजही बाळाला बर्गींची भीती घालून झोपवतात, आणि बर्गी म्हणजे आपले बारगीर, हे मुलांना ठाऊक असलेलं बरं. सगळा इतिहास आपल्या बाजूने गोड नसतो. तर हे सगळं मुलांना सांगा, मैदानावरून किल्ल्याची तटबंदी दाखवा. आत जाणं यादीत नको. आत जायला तुम्ही लागता.

माझ्या या मतावर एका जुन्या सुभेदार मेजर साहेबांनी मला सरळ विचारलं होतं, "बाईमाणसानं पोरं घेऊन एकटीनं कलकत्त्यात फिरायचं?" साहेबांबद्दल मला आदर आहे, म्हणून उत्तर नीट देतो. आपण फील्डवर असतो तेव्हा हीच बाई सासऱ्याचं ऑपरेशन निभावते, तलाठ्याकडे सातबाऱ्यासाठी खेटे घालते, मुलांची शाळा बदलते, बँकेत केवायसीसाठी रांगेत उभी राहते. तेव्हा आपण कौतुकाने सांगतो, "घरचं सगळं तीच बघते." मग पीस पोस्टिंगवर आल्यावर तिला हुगळी ओलांडता येणार नाही, हा शोध कुठून लागतो? काळजी घ्यावी, जरूर घ्यावी. दोघी-तिघींनी मिळून जावं, अंधार पडायच्या आत खोलीवर यावं, यूनिटच्या एखाद्या ओळखीच्याचा नंबर जवळ ठेवावा. पण काळजी वेगळी आणि दरवाजा बंद ठेवणं वेगळं.

शेजारच्या क्वार्टरमध्ये सांगलीकडचा एक नायक होता. बायको बी.एड. झालेली. छावणीत तिला सगळे नवऱ्याच्या आडनावाने ओळखत, वेल्फेअरच्या मीटिंगला हजेरीतसुद्धा त्याचा हुद्दा आणि त्याचं नाव. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी रोल कॉलला त्याचा पास गेला. तिकिटं तिच्याच फोनवर होती. तिने जिन्यातल्या आणखी दोघींना विचारलं, एक जळगावची, एक गढवालची, आणि शनिवारी पहाटे तिघी आणि चार पोरं निघाली. नायक गार्डवर उभा.

रविवारी रात्री परत आल्यावर ती माझ्या मिसेसला सांगत होती ते मी ऐकलं. व्हिक्टोरियाबद्दल दोन वाक्यं, फेरीबोटीबद्दल चार. बाकी सगळं गडियाहाटच्या साडीच्या दुकानाबद्दल. दुकानदाराने बिल करताना विचारलं, दीदी, नाव काय लिहू? आणि ती क्षणभर थांबली. मग आपलं नाव सांगितलं, माहेरच्या आडनावासकट. साडी साधीच होती, तांताची. बिल मात्र तिने जपून ठेवलं होतं.

नायक दोन दिवस जरा घुश्श्यात होता, मिष्टी दोईचं मडकं उघडल्यावर निवळला. फेब्रुवारीत त्याला पास मिळाला तेव्हा तोही गेला. कुठल्या घाटावर उतरायचं ते त्याला पोराने सांगितलं.