भाच्याचे किलोमीटर

गेल्या रविवारी सकाळी भाचा सायकलवरून दारात हजर! पुण्याहून जुन्या हायवेने लोणावळा, आणि परतताना आमच्या कामशेतला चहाला. हेल्मेट काढायच्या आधी मोबाईल काढला. स्ट्राव्हावर नकाशा चढला, अंतर, चढ, वेळ... इकडे चहा निवतोय. म्हटलं, "अरे, व्यायाम स्वतःसाठी ना? मग ही दवंडी कशाला?" "असू दे हो मामा," म्हणून हसला.

खरं तर मलाही हा मिरवण्याचा सोस वाटायचा. मग माझी सायकल आठवली. नाणे मावळातल्या शाळेत वर्षानुवर्षं सायकलने गेलो, एक किलोमीटर कधी मोजला नाही. पण गरजच कुठे होती? वाटेत कुणी ना कुणी "गुरुजी, आज उशीर?" म्हणून हटकायचंच. माझी नोंद गाव ठेवत होतं. हा अंधारात निघतो, रस्त्यावर ओळखीचं कुत्रंही नाही. त्याचं गाव त्या मोबाईलात!

आणि मुंबईचे हकीम, बापासोला, भूमगरा १९२३ साली सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले, १९२८ला परतले, त्यांनीही पुस्तक लिहिलंच की.

मला खटकतं ते वेगळंच. घाटातल्या वेळेवरून तिथे क्रमांक लागतात म्हणे. क्रमांकासाठी बोरघाटात ट्रकांमधून घुसलास तर कान धरीन, हे त्याला सांगून ठेवलंय.

असो. त्याने माझ्याही मोबाईलवर ते घालून दिलंय. या रविवारी पाऊस होता. दहा वाजले तरी काही चढेना, तेव्हा फोन मीच लावला.